टायपिंगवाल्या ताईची लॉ सीईटी

कोर्टाच्या आवारात टायपिंग करणाऱ्या बाईला कायदा येतोच, असा लोकांचा पक्का समज आहे. मी तीन वर्षांच्या एलएलबीसाठी सीईटीचा फॉर्म भरला तेव्हा जो तो हेच म्हणाला. 'तुम्हाला काय अवघड ताई, रोज कायदाच टाईप करताय की!' ज्या साहेबांचे दावे, कैफियती नि वकीलपत्रं मी करते, त्यांनी तर निकाल लागल्यासारखा चहा सांगितला. आता त्यांना कोण सांगणार, की पेपरातला कायद्याचा भागच आमच्यासारख्यांना सगळ्यात जड जातो.

आधी पेपर कसा असतो ते सांगते. २०२५ ला १२० प्रश्न, १२० मार्क, दोन तास. त्याआधी दीडशे प्रश्न असायचे. इंग्रजीला ४०, सामान्य ज्ञान नि चालू घडामोडींना ३२, कायद्याला २४ आणि तर्काच्या प्रश्नांना २४. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. माझी भाची क्लॅटची, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती, तिला चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात. ती माझा पेपर बघून म्हणायची, 'मावशी, तुझी मज्जा आहे.'

मज्जा कसली! कायद्याचे बरेच प्रश्न असे असतात: वर एक तत्त्व देतात, खाली हकीकत देतात, आणि ते तत्त्व लावून उत्तर काढायचं. सरावातला एक प्रश्न मला अजून आठवतो. तत्त्व: दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीशिवाय पाऊल टाकलं की अतिक्रमण झालं, जमीन आपलीच आहे असा प्रामाणिक समज असला तरी सुटका नाही. हकीकत: एका शेतकऱ्यानं शेजाऱ्याची पट्टी आपली समजून नांगरली. तो जबाबदार आहे का?

माझं डोकं लगेच पळायला लागलं. सातबारा कुणाच्या नावावर आहे? मोजणी आणलीय का? हद्दीचे दगड जाग्यावर आहेत का, की बांध कुणी कोरलाय? वहिवाट किती वर्षांची? आमच्याकडं असला दावा आला की मूळ वादी वारतो, वारसांची नावं लागतात, त्यातली एक बहीण मुंबईला असते नि तिची नोटीस बजावूनच होत नाही. पेपरातल्या शेतकऱ्याला ना बहीण, ना तलाठी. तत्त्व म्हणतंय जबाबदार, म्हणजे जबाबदार. चला पुढच्या प्रश्नाला. एका प्रश्नाला जेमतेम एक मिनिट मिळतं आणि मी तिथं मनातल्या मनात कोर्ट कमिशन नेमत बसलेली असायची.

ही सवय मोडायला मला जेवढे दिवस लागले, तेवढे बाकी कशालाच नाहीत. कॉलेजातनं नुकती बाहेर पडलेली पोरं हे प्रश्न पटापट सोडवतात, कारण त्यांना खरं कोर्ट माहीतच नसतं. शेवटी मी एक युक्ती केली. प्रत्येक तत्त्व माझ्या टेबलावर आणून बघायचं, पण कागद मागायचे नाहीत. उदाहरणार्थ, नुकसान झालं पण हक्क मोडला नाही, तर दाद मिळत नाही. माझ्या शेजारी दुसऱ्यानं टेबल टाकलं नि पानामागं पाच रुपये कमी घेतले, तर माझी गिऱ्हाइकं जातील, पण त्याच्यावर दावा लागणार नाही. १४१० साली इंग्लंडात ग्लॉस्टरच्या शाळामास्तरांनी नव्या शाळेवर असाच दावा लावला होता आणि ते हरले होते. (शेजारी टेबल खरंच पडलंय. पाच नाही, दहा रुपये कमी.) तसंच अज्ञानाचा, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्याचा करार. सतरा वर्षांच्या पोरानं उसने पैसे घेतले तरी करार मुळातच रद्द, हे प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या लंडनच्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टानं, १९०३ ला मोहरीबिबीच्या खटल्यात ठरवलं. तेव्हापासून हातउसन्याची पावती करायला कुणी मिसरूड न फुटलेला पोरगा आला की मी आधी आधार कार्ड बघते.

कलमांचाही घोळ होताच. जुन्या दंड संहितेतले ३०२, ४२०, ४९८-अ हे आकडे माझ्या बोटांत बसलेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली नि खून १०३ झाला, फसवणूक ३१८, नवऱ्याकडचा छळ ८५. चेक न वटल्याचा १३८ तेवढा जाग्यावर राहिला, कारण तो वेगळ्या कायद्यातला.

इंग्रजीला ४० मार्क म्हणजे पेपराचा तिसरा हिस्सा. 'हिअरइनआफ्टर' मी न बघता टाईप करते, पण पेपरात कुठं 'इन' नि कुठं 'ॲट' विचारलं की बोटं काहीच सांगत नाहीत. रात्री भांडी आवरल्यावर भाचीच्या जुन्या पुस्तकातून व्याकरण केलं. क्लास लावला नाही, दुपारचं टेबल सोडणं परवडणारं नव्हतं.

अभ्यासापेक्षा कागदपत्रांबद्दल जास्त लिहायला हवं, विशेषतः लग्न झालेल्या बायकांसाठी. माझा जातीचा दाखला माहेरच्या नावाचा, बीएची मार्कलिस्ट माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं. कागद अपलोड केल्यावर ई-स्क्रूटिनीत, म्हणजे ऑनलाइन तपासणीत, असं काही दिसलं की अर्ज परत येतो. त्यामुळे विवाह नोंदणीचा दाखला आधीच काढून ठेवा. नॉन-क्रीमीलेअरला उत्पन्न नवऱ्याचं नाही, आईवडिलांचं धरतात, म्हणजे माहेरच्या तालुक्याला खेटे घालायचे. २०२५-२६ च्या प्रवेशाला तो ३१ मार्च २०२६ पर्यंत चालणारा हवा होता. जात पडताळणीचं माझं काम मात्र सोपं झालं. भावानं ग्रामपंचायतीला उभं राहताना त्याची व्हॅलिडिटी काढली होती, रक्ताच्या नात्यातली म्हणून ती जोडता आली. तो निवडणुकीत पडला, पण कागद कामाला आला.

टक्क्यांची अट फार नाही. पदवीला खुल्या गटात ४५, ओबीसीला ४२, एससी-एसटीला ४०. वयाचीही अट नाही. पण मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांनी नीट बघावं. मी बारावी करून मग तिथं बीए केलं, म्हणून निभावलं. आमच्याकडचे एक वकिलांचे कारकून आहेत, कोर्टातल्या अर्ध्या वकिलांना ड्राफ्टिंग शिकवतील असे. त्यांनी बारावी न करता पूर्वतयारीचा कोर्स करून थेट पदवी घेतली होती. वकिलीचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत असली पदवी चालत नाही. सरकारमान्य पदवी नोकरीला चालते नि वकिलीला नाही, हे मला काही पटत नाही. पण पेपरात शिकल्याप्रमाणे, तत्त्व म्हणतंय नाही म्हणजे नाही.

शिक्षणात खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्रही लागलं. इतरांसाठी रोज करते तेच, फक्त नाव माझं. नोटरीसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं नि विचारलं, 'मजकूर वाचला का?' मी म्हटलं, 'साहेब, टाईपच मी केलाय.' तरी त्यांनी वाचायला लावला.

कॉलेजांचे पसंतीक्रम भरताना पुण्याचं आयएलएस नि मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज नुसतं बघून घेतलं. मुंबईचं ते कॉलेज १८५५ चं, १९३५ ला बाबासाहेब तिथं प्राचार्य झाले होते. पण ७० टक्के हजेरी लागते, नि माझं घर, टेबल, गिऱ्हाईक सगळं इथं. मी कोल्हापुरातलंच, सकाळी भरणारं कॉलेज वर टाकलं आणि तेच मिळालं. ऑगस्ट २०२५ मध्ये इथं मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यामुळे कामही वाढलंय. प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, काही असेल तर या. फक्त दुपारी बारानंतर. सकाळी मी लेक्चरला असते, आणि शेजारचा दहा रुपये कमी घेत असला तरी त्याच्या टायपिंगमध्ये ऱ्हस्व-दीर्घाची बोंब आहे.