एक झाकण औषध

ऑगस्टमधला सोमवार, ओपीडी तुडुंब. रांग मोडून एक बाबा चौथीतल्या लेकीला घेऊन आत आले. "मॅडम, सोमवार आला की हिचं डोकं दुखतं." काळजीपेक्षा चीडच जास्त. मुलगी आईच्या पदरात तोंड खुपसून उभी. टॉर्च लावला तसे तिने डोळे घट्ट मिटले. सकाळपासून दोन उलट्या. कुठं दुखतंय विचारलं तर तळहात कपाळभर आडवा फिरवला. "ठण ठण करतंय."

अर्धशिशी म्हणजे अर्धंच डोकं, असं आपण धरून चालतो. लहान मुलांत बहुतेकदा दोन्ही बाजू दुखतात, आणि दोन-तीन तासांत थांबतंही. दुपारी पोर खेळताना दिसलं की मोठ्यांना ते सोंग वाटतं. रविवारचं जागरण आणि सोमवारी उपाशीपोटी शाळा, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

ताप नव्हता, मान सैल, चाल नीट. डोळ्यांच्या पडद्यावर सूज नाही. दुखण्याने झोपमोड होत नव्हती. यातलं एक जरी बिघडलेलं असतं तरी मी लगेच पुढच्या तपासण्यांना पाठवलं असतं.

"औषध काय दिलं?" आईने पिशवीतून आयबुप्रोफेनची बाटली काढली. "एक झाकण." म्हणजे ५ मिली, १०० मिलिग्रॅम. पोरीचं वजन २६ किलो. किलोमागे १० मिलिग्रॅमप्रमाणे २६० हवेत, १३ मिली! तेही 'थांबतंय का बघू' म्हणत दोन तासांनी दिलेलं, आणि लगेच ओकून पडलेलं. (ताप असता तर पावसाळ्यात डेंग्यूच्या शंकेने मी हे औषध टाळून पॅरासिटामॉलच दिलं असतं.)

आधी उलटीची गोळी जिभेवर विरघळवली, वीसेक मिनिटांनी पूर्ण डोस. इंजेक्शनच्या खोलीतली ट्यूबलाइट बंद केली, पडदा ओढला. तासाभरात ती गाढ झोपली.

दुखायला लागताच हाच डोस द्या, पण आठवड्यात दोन दिवसांच्या वर नको, तसं लागलं तर मला दाखवा, असं मी सांगत होते. बाबा बाटलीकडेच बघत होते. "गेल्या सोमवारी मी हिला मारलं, मॅडम."

मला काही बोलता आलं नाही. मग आई हळूच म्हणाली, "मलाही असंच होतं. कपाळाला ओढणी आवळते आणि भाकऱ्या थापते."

मी त्यांचाही केसपेपर काढायला सांगितला.