आण्णांच्या गोळ्या आणि मेडिक्लेमची फाईल

आण्णांची अँजिओप्लास्टी कॅशलेसमध्ये झाली, हॉस्पिटलात फार धावपळ झाली नाही. धावपळ सुरू झाली घरी आल्यावर. रक्त पातळ ठेवणारी टिकाग्रेलोर दिवसातून दोनदा, ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची, बीपीची, वर साखरेच्या जुन्या गोळ्या. मेडिकलचं महिन्याचं बिल पेन्शनला झेपेना.

आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतर 60 दिवसांच्या औषधांचा खर्च मिळतो. हे आपणहून कुणी सांगत नाही. पॉलिसीच्या कागदांत ‘पोस्ट हॉस्पिटलायझेशन’ शोधावं लागतं. हा भाग कॅशलेस नाही. आधी खिशातून घालायचे, मग फाईल लावायची: क्लेम फॉर्म, डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स, डॉक्टरांची चिठ्ठी, ओरिजिनल बिलं, कॅन्सल चेक.

फाईल गेली आणि क्वेरी आली. एका बिलावर पेशंटच्या नावाच्या जागी ‘कॅश’. दुसऱ्यावर बॅच नंबर नाही. आणि खरी अडचण म्हणजे चिठ्ठीवर एका कंपनीची गोळी, बिलावर दुसरीची. औषध तेच, 90 मिलिग्रॅमच, पण टीपीएच्या (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या) माणसाला नाव जुळायला हवं. राजारामपुरीतले मेडिकलवाले म्हणाले, “वहिनी, ती कंपनी संपलेली, म्हणून ही दिली.” बरोबर आहे, पण पैसे आमचे अडकले ना! पेशंटच्या नावाचं पक्कं बिल मात्र त्यांनी तिथल्या तिथं करून दिलं.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांना म्हटलं, “सर, कंपनीच्या नावाशेजारी औषधाचं मूळ नाव लिहाल का? मोठ्या अक्षरांत.” औषधं मूळ नावानं, वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटलमध्ये लिहावीत, असं मेडिकल कौन्सिलनं 2016 मध्येच सांगितलंय. सरांनी कुरकुर न करता लिहून दिलं. त्या चिठ्ठीवर टिकाग्रेलोरचे पैसे सुटले. साखरेच्या गोळ्या मात्र वजा झाल्या, कारण ज्या आजारासाठी ॲडमिट होतो त्याचीच औषधं धरतात. त्यावर भांडून उपयोग नव्हता.

60 दिवस संपल्यावर तीच चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात गेले. कोलेस्टेरॉलची ॲटोरव्हास्टॅटिन आणि बीपीची टेल्मिसार्टन लगेच मिळाल्या, बाहेरच्यापेक्षा कितीतरी स्वस्त. टिकाग्रेलोर शिल्लक नव्हती, “चार दिवसांनी बघा.” स्टेंट बसवलेल्या माणसाची ही गोळी चार दिवस थांबवायची? गुठळी झाली तर वाचवलेल्या पैशांचं काय करायचं! ती बाहेरून घेतली. तेव्हापासून ती संपायच्या आठवडाभर आधी विचारून ठेवते.

साखरेच्या गोळ्यांचा प्रश्न वेगळ्याच वाटेनं सुटला. त्यातल्या एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च 2025 मध्ये संपलं आणि बऱ्याच कंपन्या बाजारात उतरल्या. आधी एक गोळी साठेक रुपयांना पडायची, आता सरांना विचारून दहाच्या आतली घेतो.

आण्णांचा आक्षेप नव्या गोळीच्या रंगावर. “ही माझी गोळी न्हवं.” जुनी स्ट्रिप डब्यात राहिली असती तर दोन्ही घेतल्या असत्या, म्हणून ती आधी काढून घेतली. नव्या स्ट्रिपवर मार्करनं ‘साखर, सकाळी’ लिहिलंय. स्ट्रिपमधून गोळ्या कापून घेताना बॅच नंबर आणि एक्स्पायरीचं टोक शेवटपर्यंत ठेवायचं, हे मात्र त्यांना एकदा सांगून पटलं.