सुरुवात कुठून करायची? : आमची वाटचाल

आमचा व्यवसाय पत्तेवाचनाच्या, म्हणजे पत्ते मांडून भविष्य वाचायला शिकवण्याच्या वर्गांचा. पहिल्या बॅचला आठ जण होते. तीन पत्त्यांची मांडणी सगळ्यांना जमली, पाचांचीही जमली. मग मी लेनोर्माँ नावाच्या, क्रमांक घातलेल्या चित्रपत्त्यांचा अख्खा कॅट टेबलावर पसरला, नऊ-नऊच्या चार ओळींत 36 पत्ते. पुढच्या आठवड्यात चारच जण आले.

चूक माझीच. मी छत्तीस अर्थ घोकून घेतले होते. उंदीर म्हणजे झीज, शवपेटी म्हणजे शेवट, नांगर (जहाजाचा, शेतातला नव्हे) म्हणजे स्थैर्य. पाठांतर चोख, पण मांडणी समोर आली की सगळे पहिल्या पत्त्यापासून वाचत सुटायचे आणि दहाव्यापाशी दमायचे. "सुरुवात कुठून करायची?" असं एका ताईंनी विचारलं, तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही.

मग वर्ग नव्याने बांधला. आता आधी माणूस शोधायचा: 28 क्रमांकाचा पुरुष किंवा 29 क्रमांकाची स्त्री. साधारणपणे त्याच्या डावीकडे झालेलं, उजवीकडे होऊ घातलेलं. डोक्यावर मनातलं, पायाखाली हातातलं. नंतर शेजार. उंदीर माशांजवळ आला तर पैसा कुरतडला जातोय, पत्राजवळ आला तर एखादा कागद गहाळ. सगळ्यात वेळ खातात ती घरं, म्हणजे मांडणीतली प्रत्येक जागा त्या क्रमांकाच्या पत्त्याची. आठवी जागा शवपेटीची, तिथे सूर्य पडला तरी तो शवपेटीच्या घरातला सूर्य. एवढ्यावरच आमचे तीन वर्ग जातात. बुद्धिबळातल्या घोड्यासारखी अडीच घरांवरचे पत्ते जोडून वाचायची चाल शेवटी, तीही ज्याला हवी त्याला.

हे पत्ते फ्रान्समधल्या भविष्य सांगणाऱ्या लेनोर्माँबाईंनी काढले असं अनेकांना वाटतं. बाई 1843 मध्ये वारल्या, त्यानंतर त्यांचं नाव चिकटलं. मूळ म्हणजे न्युरेंबर्गच्या हेख्टेल यांचा 1799 च्या सुमाराचा खेळ. पत्ते सहा-सहाच्या सहा ओळींत लावून फासे टाकायचे. म्हणजे हा आधीपासून पटच! हे आधी कळलं असतं तर पाठांतराच्या फंदात पडलो नसतो.

त्यावरूनच क्रमांक छापलेलं सरावाचं कापड काढलं. पहिल्या खेपेला चौकोन पत्त्यांपेक्षा बोटभर अरुंद निघाले. सगळी खेप घरात पडून राहिली. दुसरी खेप मात्र वर्गांपेक्षा जास्त चालली. आता काही जणांना आठ-आठच्या चार ओळी आणि खाली चार पत्ते अशी मांडणी हवी असते, ती या कापडावर बसत नाही. वेगळं कापड काढावं का, हे अजून ठरत नाहीये.