आरसी१ पुढं सरकेना

खानापुरात पाऊस कोसळत होता आणि वाचनालयाचे काका फोनवर सांगत होते, "तू सांगितलास तसं अपडेट केलं की रे. तरी परत आलेली पुस्तकं बाहेरच दाखवतंय."

बेळगावातल्या आम्ही तिघांनी वाचनालयांसाठी एक मुक्त सॉफ्टवेअर लिहिलंय. मराठी आणि कन्नड पुस्तकांची देवघेव त्यात एकाच नोंदवहीत राहते. काकांना आम्ही चाचणीसाठी २.०आरसी१ दिलं होतं. आरसी म्हणजे रिलीज कँडिडेट, पक्क्या आवृत्तीच्या आधीची उमेदवार. परतीच्या नोंदीची चूक त्यांनीच पकडली, आम्ही ती सुधारून २.० बाहेर काढलं. बाकी वाचनालयांत ते व्यवस्थित चाललं. चूक शोधणाऱ्याच्याच मशीनवर तेवढं पोचलं नाही, याची मला खरंच लाज वाटली.

दुपारच्या बसनं खानापूर गाठलं. मशीनवर डेबियन, लिनक्सचा एक प्रकार. एपीटी, म्हणजे त्यातलं अपडेट आणणारं साधन, ठामपणे सांगत होतं, सगळ्यात नवी आवृत्ती आधीच बसवलेली आहे. अर्धा तास इंटरनेट तपासण्यात गेला. शेवटी डीपीकेजीला, म्हणजे एपीटीच्या खाली प्रत्यक्ष सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाला, त्याच्या तुलनेच्या आज्ञेनं थेट विचारलं: २.०आरसी१ मोठं की २.०?

आरसी१ मोठं.

आरसी म्हणजे "आधीचं", हे माणसांना कळतं. डीपीकेजी आकडे आणि अक्षरं डावीकडून तुकड्यातुकड्यानं जुळवत जातं. २.० पर्यंत दोन्ही सारखे. पुढं एकीकडे काहीच नाही, दुसरीकडे अक्षरं. ज्याच्याकडे काहीतरी उरलं, ते मोठं. याला अपवाद एकच, टिल्डा, ती नागमोडी रेघ. ती रिकाम्या जागेच्याही आधी येते. त्यामुळे २.०~आरसी१ हे २.० पेक्षा लहान ठरतं. ही सोय अशाच उमेदवार पॅकेजांसाठी केलेली आहे; पॅकेज म्हणजे बसवायला तयार बांधलेलं सॉफ्टवेअर. आम्ही ती वापरली नव्हती.

सहकाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "इपॉक लाव की, १:२.० कर, विषय संपला." इपॉक म्हणजे आवृत्तीच्या आधी आकडा आणि विसर्गासारखी दोन टिंबं, तो बाकी सगळ्या तुलनेच्या वरचढ असतो. पण एकदा लावला की काढता येत नाही. काढला की पुढची प्रत्येक आवृत्ती जुन्यापेक्षा लहान ठरते. एका चुकलेल्या नावासाठी पॅकेजवर कायमचा डाग मला नको होता. २.० चीच फाइल बदलून पुन्हा चढवणं तर त्याहून वाईट. एकदा बाहेर गेलेल्या नावामागचा मजकूर बदलला, की लोकांनी जपलेली शा२५६ची बेरीज, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूण, जुळत नाही आणि विश्वास जातो.

मग २.०.१ टाकून पाहिलं. डीपीकेजीच्या क्रमात अक्षरं टिंबाच्या आधी येतात, म्हणून २.०आरसी१ हे २.०.१ पेक्षा लहान. आज्ञेनं दुजोरा दिला. कोडची एकही ओळ न बदलता, फक्त नव्या आकड्यानं पॅकेज बांधायला सहकाऱ्याला सांगितलं. बदलांच्या नोंदीत कारण स्पष्ट लिहायला लावलं, कारण काही न बदलता आकडा का वाढला, हे पुढच्या माणसाला कळायला हवं.

मध्ये वीज गेली. काकांनी चहा मागवला. वीज आली तेव्हा पॅकेज चढलेलं होतं.

अपडेट त्यांनीच चालवलं, पडद्याजवळ वाकून एकेक आकडा वाचला, "दोन, टिंब, शून्य, टिंब, एक," आणि परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा पुढं ओढला.