सात माणसांना चार जीबी रॅम कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मास्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखंच, पण कुणा एका कंपनीचं नसलेलं सोशल नेटवर्क. त्याचा सर्व्हर, म्हणजे ते चालवणारं मशीन, मी स्वतःच चालवतो म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. आत्येभाऊ तर दर दिवाळीला विचारतो, "सातजणांच्या गप्पांसाठी महिन्याला पैसे मोजतोस? व्हॉट्सअ‍ॅप फुकट आहे की!"

२०१९ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं आणि निषेध म्हणून भारतातले बरेचजण मास्टोडॉनवर आले. मीही त्या गर्दीतलाच. आमच्या ओळखीतले बहुतेक थोड्याच दिवसांत परतले, मी राहिलो. पुढे २०२२ मध्ये मस्क यांनी ट्विटर घेतलं, तेव्हा सहा मित्रमैत्रिणींना गोळा करून आपलंच बिऱ्हाड थाटलं.

कल्पना ईमेलसारखीच आहे. तुमचं खातं एका सर्व्हरवर, माझं दुसऱ्यावर, तरी बोलणं होतं, कारण दोघांना अ‍ॅक्टिव्हिटीपब ही सामायिक भाषा येते. ती २०१८ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झाली. मालक एक नाही, त्यामुळे एकाच्या लहरीवर सगळं बंद पडत नाही. मला ते तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं.

आता खर्चाचं. समजा बर्लिनमधल्या कुणी मांजराचा फोटो टाकला आणि आमच्या सातांतली एकजण त्या माणसाला फॉलो करते. त्या फोटोची एक प्रत माझ्या डिस्कवर येऊन पडते. तिने तो बघितला, न बघितला, फरक नाही. असे हजार सर्व्हर त्याच्या मागे असतील तर मांजर हजार ठिकाणी. पोस्टमध्ये लिंक असेल तर प्रत्येक सर्व्हर त्या वेबसाइटवर स्वतः जाऊन शीर्षक आणि चित्र आणतो. सगळे एकदम धडकू नयेत म्हणून मास्टोडॉन मिनिटभराच्या आत कुठेतरी, यादृच्छिक वेळ थांबून जातो. म्हणजे दारावर गर्दी तेवढीच, फक्त जरा पांगलेली.

गेल्या वर्षी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, मोदक पोटात असताना, सर्व्हर झोपला. डिस्क भरली होती, डेटाबेसला ओळ लिहायलाही जागा नव्हती. काय भरलंय ते बघितलं: चाळीस जीबीतले एकतीस जीबी परक्यांचे फोटो. आम्हा सातजणांचे एक जीबीसुद्धा नव्हते. चूक माझीच. जुन्या प्रती साफ करायची आज्ञा असते, ती रोज आपोआप चालेल अशी मी लावलीच नव्हती.

पण रॅमला, म्हणजे मशीनच्या चालू कामाच्या मेमरीला, ती सबब चालत नाही. ती इतकी लागते, कारण बरेच प्रोग्राम एकदम चालू ठेवावे लागतात. मास्टोडॉनमध्ये रूबी भाषेत लिहिलेला मुख्य भाग, मागची कामं उरकणारा साइडकिक, पोस्टग्रेस हा डेटाबेस, हाताशी लागणारी माहिती मेमरीत ठेवणारा रेडिस, शिवाय ताज्या पोस्टी ढकलायला नोडवर चालणारा वेगळा प्रोग्राम. हजारो माणसं असतील तर ही मांडणी शहाणपणाची आहे. सातजणांसाठी म्हणजे चहाच्या आधणाला साखर कारखान्याचा बॉयलर पेटवणं.

प्रोग्रामरला आळशी म्हणायची फॅशन आहे, मला ती आवडत नाही. त्याचा वेळ महाग, मशीन स्वस्त, म्हणून तो तयार तुकडे जोडून मोकळा होतो. मोठ्या कंपनीत ही चरबी त्यांच्या डेटा सेंटरमध्ये दडते आणि आपण म्हणतो, फुकट आहे. इथे ती माझ्या कार्डावर उमटते. आत्येभावाला हेच सांगायचं असतं, पण तोवर त्याची चकली संपलेली असते.

शेवटी मी मास्टोडॉनऐवजी गोटूसोशल लावलं, तीच अ‍ॅक्टिव्हिटीपब भाषा बोलणारं, पण हलकं. गो भाषेत लिहिलेला एकच प्रोग्राम, डेटाबेस म्हणून एसक्यूलाइटची एक फाइल, बस्स. पोस्टी वाचायला-लिहायला स्वतःचा असा पडदा नाही, कुठलंतरी अ‍ॅप जोडावं लागतं. माझ्याकडे तीनशे एमबी रॅममध्ये निवांत चालतं. सगळ्यात लहान मशीन घेतलं, बिल पावभर झालं.

एक भानगड मात्र राहिली. नव्या पत्त्यावर फॉलोअर आले, जुन्या पोस्टी आल्या नाहीत, मास्टोडॉनवरून खातं हलवताना त्या सोबत येत नाहीत. आमच्यातल्या एकीने तीन वर्षं रोज सकाळी गच्चीवर दिसलेले पक्षी नोंदवलेत, फोटोंसकट. जुनं मशीन बंद करतो, त्या नोंदी गेल्या, असं तिला कुठल्या तोंडाने सांगू? त्यामुळे जुनं मशीनही चालूच आहे आणि सध्या मी दोन बिलं भरतो. आत्येभावाला अजून सांगितलेलं नाही.