आजोबांनी तिकिटं सोडली

गेल्या शनिवारी शेजारच्या आजोबांनी बेल वाजवली आणि बुटांचं एक खोकं माझ्या हातात दिलं. आत बेसबॉलची स्कोअरबुकं होती. प्रत्येकावर वर्ष घातलेलं, पानन् पान पेन्सिलीनं भरलेलं. सगळ्यात जुनं १९८८ चं. "पोराला दे," एवढंच म्हणाले आणि वळले. मी आत बोलावलं, चहा करते म्हटलं, तेव्हा दारातच उभं राहून त्यांनी सांगितलं की पिट्सबर्ग पायरेट्सची, म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या या गावाच्या बेसबॉल संघाची, पुढच्या मोसमाची तिकिटं त्यांनी घेतलेली नाहीत. अडतीस मोसम दोन खुर्च्या त्यांच्या नावावर होत्या, आधी जुन्या थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये आणि २००१ पासून नदीकाठच्या पीएनसी पार्कमध्ये. चार वर्षांपूर्वी आजी गेल्या. तेव्हापासून दुसऱ्या खुर्चीवर माझा मुलगा बसायचा.

पैशाचा प्रश्न नव्हता. ते आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत आणि आणखी एका रीबिल्डला, म्हणजे संघ मोडून नव्यानं बांधायला, पुरेल इतका वेळ आपल्याकडे नाही, असं ते म्हणाले. बोलण्यात राग नव्हता. हवामान सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. मी मात्र तेव्हापासून अस्वस्थ आहे, म्हणून हे लिहायला बसले.

पायरेट्स किती वाईट खेळतात हे पुण्यात बसून कळण्याची गरज नाही. पण 'रीबिल्ड' म्हणजे काय ते माझ्या घरच्यांना लगेच कळेल. आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट सुरू होऊन सहा वर्षं झाली. इमारत पाडली, पाया खणला, आणि काम तिथेच थांबलं. तीन वर्षांत चावी देतो म्हणाले होते. आई-बाबा तिसऱ्या भाड्याच्या घरात आहेत. दर दिवाळीला बिल्डरच्या ऑफिसातून नव्या इमारतीचं रंगीत चित्र येतं. त्यात झाडं आहेत, झोपाळे आहेत, झोपाळ्यावर बसलेले आजी-आजोबासुद्धा आहेत.

बेसबॉलमधला रीबिल्ड असाच असतो. संघ जिंकत नाही ना, मग चांगले खेळाडू विकून टाकायचे आणि त्यांच्या बदल्यात दुसऱ्या संघांची अठरा-वीस वर्षांची होतकरू पोरं घ्यायची. पुढची काही वर्षं हरायचं. जितकं जास्त हराल तितका नव्या खेळाडूंच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, तुमचा नंबर वर. ह्युस्टननं हेच केलं. २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षं शंभराच्या वर सामने हरले आणि २०१७ मध्ये विजेते झाले. तेव्हापासून प्रत्येक मालकाच्या हातात तेच रंगीत चित्र आहे. अलीकडे वरच्या नंबरांसाठी लॉटरी काढतात, पण त्या लॉटरीतही तळाच्या तीन संघांनाच सगळ्यात जास्त संधी असते.

मी इथे आले ऑगस्ट २०१३ मध्ये. त्या वर्षी पायरेट्स ९४ सामने जिंकले. मला वाटलं, हा संघ असाच असेल. १ ऑक्टोबरच्या रात्री सिनसिनाटीशी एका सामन्याचा फैसला होता. तिकीट मिळणं शक्य नव्हतं, म्हणून नवरा आणि मी स्टेडियमजवळच्या क्लेमेंटे पुलावर जाऊन उभे राहिलो. तो पिवळा पूल सामन्याच्या दिवशी गाड्यांना बंद असतो. स्टेडियममध्ये सगळे काळे कपडे घालून आले होते आणि समोरच्या पिचरचं, म्हणजे गोलंदाजाचं, नाव एका सुरात लांबवत होते, "क्वेऽऽटो, क्वेऽऽटो". त्याच्या हातून चेंडू खाली पडला. पुढच्याच चेंडूवर आमच्या रसेल मार्टिननं होमरन मारला, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर. आम्हाला यातलं काहीच दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. पूल पायाखाली हलत होता. शेजारी उभी असलेली एक बाई, ओळख ना पाळख, माझ्या गळ्यात पडून रडली. १९९३ ते २०१२ अशी ओळीनं वीस वर्षं हा संघ जिंकण्यापेक्षा हरलाच जास्त होता, हे मला नंतर कळलं. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक खेळात इतकी लांब हार कुणाचीच नाही.

दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, ९८ सामने जिंकूनसुद्धा एका रात्रीत शिकागोकडून बाहेर पडले. त्याच आठवड्यात माझा मुलगा जन्मला. त्यानंतर २०२५ पर्यंत प्लेऑफ, म्हणजे मोसमाअखेरची बाद फेरी, नाही. तो आता दहा वर्षांचा आहे.

जानेवारी २०१८ मध्ये गेरिट कोल आणि अँड्र्यू मॅककचन हे आमचे दोन मोठे खेळाडू एका पाठोपाठ एक विकले गेले. २०१९ च्या शेवटी खेळाडूंची निवड आणि सौदे बघणारे नवे जनरल मॅनेजर आले, बेन चेरिंग्टन. बॉस्टनचा संघ त्यांच्याच हाताखाली २०१३ मध्ये विजेता झाला होता, त्यामुळे मी इतरांना धीर देत होते. माणूस जाणकार आहे, वेळ द्या. २०२१ मध्ये १०१ पराभव, २०२२ मध्ये १००. ठीक, पाया खणताहेत. २०२३ आणि २०२४ मध्ये बरोबर ७६ विजय, दोन्ही वर्षी. आता भिंती वर यायला लागल्या असं वाटलं. आणि २०२५ मध्ये ७१.

पण आकड्यांनी मी इतकी चिडले नसते. माझा राग डेव्हिड बेडनरवरून आहे.

बेडनर म्हणजे क्लोजर. शेवटच्या डावात दोन-तीन धावांची आघाडी टिकवायला ज्याला आणतात तो. शेवटचं षटक ज्याच्या हाती निर्धास्त द्यावं असा गोलंदाज. हा मुलगा इथलाच, पिट्सबर्गच्या उत्तरेला मार्स नावाचं गाव आहे तिथला. लहानपणी स्वतः हीच टोपी घालून फिरलेला. तो इथे आला कसा? तर जानेवारी २०२१ मध्ये जो मसग्रोव्ह हा चांगला पिचर विकला, त्या सौद्यात. म्हणजे ज्या दिवसांसाठी थांबा म्हणत होते, त्या दिवसांचं फळ म्हणजे बेडनर. दोनदा ऑल-स्टार झाला, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंत आला. माझ्या मुलाच्या शर्टावर त्याचाच ५१ नंबर. आणि २०२५ च्या ३१ जुलैला, अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी, त्याला न्यूयॉर्कच्या यँकीजला देऊन टाकलं. बदल्यात तीन होतकरू पोरं.

आदल्याच दिवशी कीब्रायन हेज विकला गेला. २०२२ मध्ये त्याच्याशी आठ वर्षांचा, सात कोटी डॉलरचा करार केला तेव्हा हा आपला खांब आहे असं सांगितलं होतं. म्हणजे पाया झाला, त्यावर खांब उभा राहिला, आणि तो खांब काढून पुन्हा पायाचं सामान आणलं. याला बांधणं म्हणत नाहीत.

आमचा पिचर पॉल स्कीन्स याचं सांगितलं नाही तर अन्याय होईल, कारण रीबिल्डनं आम्हाला खरोखर दिलेली ही एक गोष्ट आहे. २०२३ च्या ड्राफ्टमधला पहिला नंबर, त्या लॉटरीतूनच आलेला. पुढच्या वर्षी सर्वोत्तम नवोदित, आणि २०२५ मध्ये साय यंग, म्हणजे पिचरला मिळणारा सर्वोच्च मान. एकमतानं मिळाला. दर नऊ डावांना त्यानं सरासरी १.९७ धावा दिल्या. दोनच्या आत! आणि त्याच्या खात्यावर विजय दहा, पराभव दहा. त्याच वर्षी मे महिन्यात फिलाडेल्फियात त्यानं अख्खा सामना एकट्यानं टाकला, एक धाव दिली, आणि आम्ही १-० असे हरलो. तीस संघांत त्या वर्षी सगळ्यात कमी धावा आमच्या. त्याच्यासारखा पोरगा आयुष्यात एकदा मिळतो आणि नियमाप्रमाणे सहा वर्षं तो तुमच्याकडे बांधलेला असतो. त्यातली दोन संपली. फिलाडेल्फियाच्या त्या सामन्यानंतर आजोबांनी स्कोअरबुक मिटलं आणि बराच वेळ मांडीवर तसंच ठेवलं, असं मुलगा सांगत होता.

गाव लहान आहे, पैसा नाही, हे कारण मी बारा वर्षं ऐकते आहे. लॉस एंजेलिसनं एकट्या ओहतानीशी दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला, त्यांच्याशी आमची बरोबरी नाही, मान्य. पण उपनगरं धरली तर मिलवॉकी आमच्यापेक्षा मोठं गाव नाही, आणि २०२५ मध्ये साखळीत सगळ्यात जास्त सामने त्यांनी जिंकले, ९७. त्यांनीही खेळाडू विकले. फक्त विकताना दर वर्षी जिंकायचा प्रयत्न सोडला नाही. इथे त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहिल्याच घरच्या सामन्याला मालकांसाठी 'संघ विका' असा फलक लावून विमान फिरत होतं आणि प्रेक्षक तेच ओरडत होते. त्या स्टेडियमच्या खर्चाचा मोठा भाग जनतेच्या पैशातून आला आहे. ओरडण्याचा हक्क आहे लोकांना.

भावाशी हे बोलले तर तो म्हणाला, "ताई, संघ बदल की. तुला कोणी बांधलंय?" न्यू जर्सीची माझी मावसबहीण यँकीजची. तिच्याकडे आता बेडनरही आहे.

मला राग आला, आणि मी त्याला बाबांची आठवण करून दिली. बाबा आम्हाला स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमवर महाराष्ट्राचे रणजी सामने बघायला न्यायचे. महाराष्ट्रानं रणजी जिंकली ती १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये, प्रा. दि. ब. देवधर कर्णधार असताना. बाबांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. २०१४ च्या जानेवारीत आपण अंतिम सामन्यात पोचलो. केदार जाधवनं त्या मोसमात १,२२३ धावा केल्या होत्या. हैदराबादमध्ये झालेल्या त्या सामन्यात कर्नाटकानं आपल्याला हरवलं. मी इथे पहाटे उठून स्कोअर बघत होते, बाहेर गुडघाभर बर्फ. बाबांनी त्या दिवशी फोनवर "पुढच्या वर्षी" म्हटलं आणि ते मनापासून म्हटलं. बाबांनी कधी मुंबईचा संघ धरला नाही. शेजारी चाळीसहून जास्त वेळा जिंकलेला संघ असताना!

आपल्याकडे हरायचं ठरवून कुणी मैदानात उतरत नाही, हे मी इथल्या मित्रांना अभिमानानं सांगते. मात्र पुण्याच्या आयपीएलचं काय झालं असं कुणी विचारलं तर मला गप्प बसावं लागतं. वॉरियर्स तीन मोसमांत गेले, सुपरजायंट दोन मोसमांत. २०१७ ची फायनल एका धावेनं हरली आणि संघच उरला नाही. पायरेट्स १८८७ पासून नॅशनल लीगमध्ये आहेत. ते कुठे गेले नाहीत. या गावातल्या पोलादाच्या भट्ट्या विझल्या, माणसं गाव सोडून गेली, संघ राहिला. ही गोष्ट मला इथे आल्यापासून मोठी वाटते, आणि म्हणूनच तिच्या जिवावर लोकांना गृहीत धरलेलं मला सहन होत नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये स्टेडियमच्या उजवीकडच्या भिंतीवरचं, पायरेट्सचे जुने थोर खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे यांचं २१ नंबरचं चिन्ह काढून तिथे जाहिरात लावली होती. क्लेमेंटे तीन हजार हिट पूर्ण करून १९७२ च्या शेवटच्या दिवशी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाले आणि विमान समुद्रात पडून गेले. ती भिंतसुद्धा त्यांच्यासाठी २१ फूट उंच बांधलेली आहे. लोक इतके भडकले की चिन्ह परत लावावं लागलं. म्हणजे लोकांचं ऐकू येतं. हे ऐकू आलं, मग दुसरंही येईल, असं मी आजोबांना तेव्हा म्हटलं होतं. ते काही बोलले नाहीत.

आम्ही तिकिटं काढणार आहोत. पूर्ण मोसमाची नाही, स्कीन्स टाकणार असेल त्या चार-पाच सामन्यांची. मालकाच्या खिशात पैसे कशाला घालता, असं नवरा म्हणतो आणि त्याचं बरोबर आहे. पण मुलगा दहा वर्षांचा आहे. अशा पिचरला समोर बसून बघायचं वय हेच आहे, ते मी कुठल्या मालकाच्या हिशोबासाठी वाया घालवू? बाबांनीही नेहरू स्टेडियमचं तिकीट जिंकणार म्हणून कधी काढलं नव्हतं.

काल रात्री मुलानं खोक्यातून २०१३ चं पुस्तक काढलं. आजोबांनी त्याला सगळ्या खुणा शिकवल्या आहेत. फलंदाज बघत राहिला आणि बाद झाला तर इंग्रजी 'के' उलटा काढायचा, होमरन झाला तर चौकट पूर्ण काळी करायची. १ ऑक्टोबरचं पान सापडलं, पायरेट्स ६, सिनसिनाटी २. मार्टिनच्या नावापुढची दुसऱ्या डावातली चौकट इतकी दाबून काळी केलेली आहे की कागद फाटलाय आणि मागच्या पानावर पेन्सिल उतरली आहे.

मुलगा त्या भोकावरून बोट फिरवत होता. मार्टिन कोण, त्यानं विचारलं. मी सांगितलं, कॅचर होता, दोन वर्षं आपल्याकडे होता, मग टोरांटोला गेला.

"त्यालाही विकलं?"

नाही, म्हटलं. करार संपला होता, तो स्वतःच गेला.