उसाची ट्रॉली आडवी झाली म्हणून

सोलापूर स्टेशनवरून मी भाड्याची गाडी चालवतो. आमचा धंदा ठरलेला: तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर. मधेच कुणीतरी विजापूरचा गोल घुमट मागतं.

जानेवारीत असंच एक भाडं लागलं. मुंबईची आजी, तिची सून आणि सीएच्या परीक्षेत दोनदा आपटलेला नातू. (हे आजीनंच सांगितलं, स्टेशन सुटायच्या आत.) नातवाकडं फोनमध्ये वेळापत्रक तयार: अकराला घुमट, एकला जेवण, पाचला परत.

मंद्रूपच्या पुढं उसाची ट्रॉली आडवी. कारखान्यांचा हंगाम, एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस. रस्ताभर ऊस पसरलेला आणि दोन्हीकडं ट्रकांच्या रांगा. ट्रॅक्टरवाला "क्रेन येतीय की" म्हणायचा. कुठून, ते मात्र सांगेना.

तासभर वाट बघून मी गाडी वळवली. "आजी, हत्तरसंग कुडलला जाऊ. भीमा-सीनेचा संगम आहे, जुनी देवळं आहेत." नातवाचं तोंड उतरलं.

तिथं मी शंभरदा माणसं सोडली असतील. पण गाडी सावलीला लावायची, चहा प्यायचा, एवढंच माझं दर्शन. त्या दिवशी आजीचा हात धरायला आत गेलो. आधी ती 359 मुखांची पिंड. 1999 साली खोदकामात निघालेली. नातू मुखं मोजायला बसला, चाळिसाच्या आसपास चुकला, पुन्हा पहिल्यापासून धरलं आणि शेवटी सोडून दिलं.

मग संगमेश्वराच्या देवळात तिथल्या एका म्हाताऱ्यानं वर तुळईकडं बोट केलं. शके 940, म्हणजे 1018 सालचा लेख, आपल्या मराठीतला. मला दगडावर नुसते ओरखडे दिसले. त्यानं मोबाईलची बॅटरी आडवी धरली, तशी अक्षरं सावलीतून वर आली. तो एकेक अक्षर दाखवत गेला: "वाछि तो विजेया होईवा." वाचील तो विजयी होईल.

आजी नातवाकडं वळली. "मोठ्यानं वाच रे. एका ओळीत पास करतायत."

तो लाजत वाचला. मग, का कोण जाणे, मीही वाचलं. बारावीनंतर पहिल्यांदाच काहीतरी मोठ्यानं वाचलं असेल.

परतताना वाटेत एका शेतात आगटी पेटलेली. मी नुसतं "हुरडा हाय का मामा?" विचारलं, तर मामा म्हणाले, "हाय की, खाऊन जावा." गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेलं गरम कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा, आणि हिरवे मऊ दाणे शेंगाचटणीत घोळून तोंडात. सुनेनं पहिल्यांदा फुंकर उलटी मारली, सगळा कोंडा माझ्या डोळ्यात. आजीचे तळवे काळेकुट्ट झाले, तरी ती दुसऱ्याला चोळू देईना. पैसे काढले तर मामा रागावले. शेवटी नातवानं त्यांच्या पोराला पेन दिलं.

घुमट राहिला. पाचची वेळही हुकली; स्टेशनला पोचलो तेव्हा गाडी सुटायला सात मिनिटं होती. नातू धावता धावता ओरडला, "दादा, पुढच्या वेळी विजापूर नको!"

दुसऱ्या दिवशी गाडी झाडली तेव्हा मागच्या सीटवर मूठभर ज्वारीचा कोंडा निघाला. मालकानं विचारलं, "गुरं नेलीस काय बे?"